अव्वाच्या गाण्यांचं कुलूप

मी कॉलेजात संगणक शिकवते आणि पासवर्डच्या बाबतीत माझा स्वभाव खाष्ट सासूचा आहे. स्टाफरूममध्ये कुणी संगणकाच्या पडद्याला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली दिसली की मी ती फाडते आणि वर दोन शब्द ऐकवते. स्वतःचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन एवढाच पासवर्ड ठेवणाऱ्या माणसानं घराला कडी तरी कशाला लावावी, असं मी एकदा भर बैठकीत बोलले. तो पासवर्ड प्राचार्यांचा होता, हे मला नंतर कळलं.

पण मी आजवर पाहिलेलं सगळ्यात पक्कं कुलूप लावलं ते माझ्या आईनं. तिला आम्ही अव्वा म्हणतो. ती दुधनीची, सातवीपर्यंत शिकलेली. घरात कन्नड बोलते, दारात मराठी. सोलापुरात माझ्या भावाकडं शुक्रवार पेठेत राहते. मी गावातच वेगळी राहते आणि दर रविवारी तिच्याकडं जेवायला जाते.

अव्वा आमच्या सगळ्या गोतावळ्यात ओळखली जाते ती गाण्यांसाठी. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत बायका समोरच्या व्याह्यांना डिवचणारी कन्नड गाणी म्हणतात. व्याह्यांनी हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, पहिला घास घेतला की बायकांनी सुरू करायचं. ज्याच्यावर गाणं असेल त्यानं रागवायचं नाही, हसायचं, असा रिवाज आहे. बाकीच्या बायका जुनीच गाणी नावं बदलून म्हणतात. अव्वाला ते चालत नाही. ती प्रत्येक लग्नाला नवं गाणं रचते आणि त्यासाठी आधीपासून हेर पेरते. कुणाची कवळी हुग्गीत पडली होती, कोण पंगतीतले लाडू कनवटीला लावतो, कुठली व्याहीण केस काळे करताना कानही काळे करून घेते, सगळं गाण्यात येतं. पंगत उठली की विषय संपला. लिहून ठेवलं तर मात्र तो पुरावा होतो, म्हणून तिनं आयुष्यभर एक ओळ लिहिली नव्हती.

मग ती विसरायला लागली. पहिली ओळ यायची, दुसरीपाशी गाडी अडायची. चारचौघांत ती हसून वेळ मारून न्यायची. पण एकदा ती स्वयंपाकघरात एकटीच तीच ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणताना मी ऐकली आणि मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून मी मागं लागले. ती म्हणणार, मी तिच्या फोनवर, नोंदी ठेवायच्या एका अ‍ॅपमध्ये, देवनागरीत उतरवून घेणार. महिनाभर सगळं सुरळीत चाललं, आणि एका रविवारी तिनं भाकरी थापता थापता विचारलं,

"हे सगळं ऱ्हातं कुटं ग?"

"कंपनीच्या कॉम्प्युटरवर."

"आनि ती वाचत्यात?"

"वाचत नाहीत. मनात आणलं तर वाचू शकतात."

भाकरी परातीतच राहिली. "अय्यो शिवा! आपल्या दुधनीची निम्मी पोरं बेंगळुरात असल्याच कंपन्यात हायत की! त्या कवळीवालीचाच नातू हाय तितं! पूस सगळं. आत्ता, माझ्यासमोर."

मी वर्गात सुरक्षेचा धडा शिकवते तेव्हा मुलं जांभया देतात. धोका नेमका कुणापासून आहे, हा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मी तिला दुसऱ्या प्रकारचं अ‍ॅप घालून दिलं. त्यात लिहिलेलं फोनमध्येच कुलूपबंद होतं आणि मग कंपनीकडं जातं. कंपनीकडं पोचते ती नुसती बंद पेटी; किल्ली तुझ्याकडं. अव्वाला हे फार आवडलं. मी पुढचंही बजावलं की किल्ली हरवली तर कंपनीच्या मालकालासुद्धा पेटी उघडता येणार नाही. रडलीस तरी नाही, पाया पडलीस तरी नाही.

"ब्येस," ती म्हणाली. "मालकाला न्हाय जमलं, तर नातवाला काय जमतंय!"

पासवर्ड म्हणून एखादा शब्द नको, एक अख्खं वाक्य घे, असं मी सांगितलं. तुझं स्वतःचं, जन्मात न विसरणारं आणि कुणाच्या डोक्यात न येणारं. अव्वानं थोडा विचार केला आणि मला खोलीबाहेर काढलं. एका बोटानं लिहायला तिला इतका वेळ लागला की मी पोहे खाऊन परत आले तरी दार बंदच होतं. बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थोडी लाज होती. मी त्याकडं फारसं लक्ष दिलं नाही. जुनी गाणी जुन्या अ‍ॅपमधून नव्यात आणली, मग जुन्यातून तिच्यादेखत पुसली.

अडीअडचणीला म्हणून अ‍ॅपनं अक्षर-आकड्यांची एक लांबलचक सुटकेची किल्लीही दिली होती. ती मी कागदावर छापून अव्वाला दिली आणि देवघरात ठेव म्हणाले. देवघरातला कोरा करकरीत, एका बाजूनं पूर्ण मोकळा कागद आमच्या घरात किती दिवस टिकणार? अव्वाची पुण्याची एक भाची परत निघाली तेव्हा तिनं त्यातच शेंगाचटणीची पुडी बांधून दिली.

हे कळलं ते सगळं एकदम अंगावर आलं तेव्हा. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. सोयरीक दुधनीचीच, आणि व्याहीण स्वतः नावाजलेली गाणारी. अव्वानं या लग्नासाठी उन्हाळाभर बसून गाणी रचली. "आता परत कुटलं लगीन बघायला मिळतंय मला," असं म्हणत म्हणत रचली. कॉलेजला सुट्टी होती, मी रोज जायची; ती अंगठा टेकवून अ‍ॅप उघडायची, मी लिहून घ्यायची. मग लग्न तोंडावर आलं असताना तिचा फोन पाण्याच्या घागरीत पडला आणि मेला. त्याच आठवड्यात शिबिरात नंबर लागला म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भावानं नवा फोन आणला. नव्या फोनला तिचा अंगठा ओळखीचा नव्हता. त्यानं पासवर्ड मागितला. काळा चष्मा लावलेल्या अव्वाला अक्षरं दिसेनात. डॉक्टरांनी तर फोनकडं बघूच नका म्हणून सांगितलं होतं.

"सांग, मी लिहिते," मी म्हणाले.

"न्हाय."

"विसरलीस?"

"इसरीन कशी? पन सांगायचं न्हाय."

देवघरात किल्लीचा कागद शोधला तेव्हा पुडीची गोष्ट बाहेर आली, आणि मी पुण्याला फोन लावला. भाचीनं मनापासून सांगितलं की चटणी लई भारी होती, दोन दिवसांत संपली, आणि कागद तेलकट झाला म्हणून टाकला. मग मी स्वतःच अंदाज लावत बसले. सिद्धेश्वराचं नाव घातलं, दुधनी घातलं, नातीचं नाव, माहेरच्या बैलांची नावं. वर्गात मी दुसऱ्यांना ज्या गोष्टीवरून हसते, तेच मी करत होते. शेवटी अ‍ॅपच म्हणालं, आता थांबा, थोड्या वेळानं बघा. मी वैतागून अव्वाला म्हणाले, "मी बाहेर जाते. तू फोनला सांग, तो ऐकून लिहितो."

"भिंतीला नुसते कान असत्यात. ह्याला तर तोंडबी हाय. ब्याड!" चिडली की ती कन्नडवर जाते. ब्याड म्हणजे नको.

माझाही पारा चढला. "मग लग्नात बस तोंड मिटून! ती व्याहीण गाईल आणि तू ऐक!"

हे बोलायला नको होतं. अव्वानं मान वळवली. चष्म्याखालून एक थेंब ओघळला, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी चालत नाही म्हणून मी घाबरून फडकं शोधू लागले. तेव्हा ती हळूच म्हणाली,

"त्यात ह्येंचं नाव हाय ग."

ह्ये म्हणजे माझे वडील, आमचे अप्पा. ते जाऊन काही वर्षं झाली. ते होते तेव्हाही अव्वानं त्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. बँकेत साहेबांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?" की ती माझ्याकडं बघायची आणि मी सांगायची. कागदावर मात्र ती बिनदिक्कत लिहायची. लिहायला मनाई नव्हती. बोलायची मोकळीक फक्त उखाण्यात. लग्न होऊन सोलापूरला यायच्या आधी तिच्या आत्यानं तिच्याकडून एक उखाणा घोकून घेतला होता. मराठीत तिनं पाठ केलेलं ते पहिलं वाक्य, आणि तोच पासवर्ड; नाव गाळून उखाणा म्हणायची रीत नाही. माझ्या कुठल्याही अंदाजात अप्पांचं नाव आलं नव्हतं, कारण या बाईच्या तोंडी मी ते नाव कधी ऐकलंच नव्हतं.

"मग आता घे की उखाणा," मी म्हणाले.

"आता? आता मी उखाना घ्यायचा व्हय? लोक काय म्हंतील?"

"लोक कुठं आहेत? मी आहे."

ती बराच वेळ पदराचं टोक चाळवत बसली. मग उठली. दाराला कडी लावायला सांगितली. पदर डोक्यावरून घेतला आणि चाचपडत अप्पांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. खाली मान घालून, एका दमात, तिनं उखाणा घेतला. त्यात एक रेल्वे स्टेशन आहे, एक तळं आहे आणि अप्पांचं पूर्ण नाव आहे. नावापाशी आवाज इतका बारीक झाला की मला तो नवरीचाच वाटला. मी अक्षर न् अक्षर लिहिलं.

"उगडलं?"

"उघडलं."

"ह्येनीच उगडून दिलं," ती म्हणाली आणि फोटोकडं बघून चक्क हसली.

लग्नात अव्वा काळा चष्मा लावून बसली. मी तिच्या कानात ओळ सांगायची, ती खणखणीत आवाजात उचलायची. व्याहीणबाईंनी तोडीस तोड उत्तरं दिली. काळ्या चष्म्यावरही एक कडवं जागच्या जागी झालं. अव्वा पोट धरून हसली. हुग्गी वाढणारेही पातेली धरून ऐकत उभे राहिले.

पुढं डोळा बरा झाल्यावर मी माझ्या स्वभावाप्रमाणं नियम काढला. पासवर्ड दुसऱ्याला कळला की बदलायचा. मला कळलाय, तेव्हा बदलू. आणि अंगठाही परत लावून देते, रोज एवढं लांबलचक लिहायला नको.

"अंगटा नगं," अव्वा म्हणाली. "आनि बदलूबी नगं. मी लिवते की रोज."

ती खरंच लिहिते. सकाळी चहा झाला की चष्मा लावून बसते आणि एका बोटानं पूर्ण उखाणा लिहिते. पेटी उघडते. पुष्कळदा आतलं एकही गाणं न वाचता ती तशीच मिटवते. एकदा मी विचारलं, अव्वा, मग उघडतेस कशाला? तिनं अप्पांच्या फोटोकडं बघितलं आणि फोन पदरानं पुसून ठेवला.

अप्पांचं नाव मी इथं लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पासवर्ड अजून तोच आहे.