धर्मेशला दिसलेली दीर्घिका

धर्मेश सालवडच्या चाळीत राहायचा. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. रंगवाल्यांच्या हातांचा रंग कधी सुटत नाही. साबण थकतो, रंग थकत नाही. म्हणून पिंपातलं मिथेनॉल मगात घ्यायचं, हात कोपरापर्यंत चोळायचे आणि घर गाठायचं. तिथं सगळे तेच करतात. पिंपावर कवटी छापलेली असते, पण ती पिणाऱ्यांसाठी, अशी सगळ्यांची समजूत. लग्न झाल्यावर धर्मेश जास्तच चोळायला लागला. त्याची बायको नलू जवळच्याच माहीम गावच्या मच्छीमारांची. पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "निदान ताट तरी रंगवू नका."

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, आमच्या आकाशदर्शन मंडळानं माहीमच्या किनाऱ्यावर दुर्बीण लावली. बोईसरचं आभाळ दिव्यांनी आणि धुरानं नासलेलं. तिथं चंद्र दिसला तरी उपकार. संध्याकाळ सरल्यावर दक्षिणेकडची एक सर्पिल दीर्घिका पकडली, शिल्पकार तारकासमूहातली. आपली आकाशगंगा आणि तिचे शेजारी मिळून जी वाडी होते, तिच्या वेशीबाहेरचं हे जवळचं घर. जवळचं म्हणजे, तिथला उजेड इथं पोचायला एक कोटीहून जास्त वर्षं.

धर्मेश नलूला घेऊन सासरी आला होता, तोही रांगेत उभा राहिला. त्याचा सासरा सुका पुढं होता. डोळा लावून मला म्हणाला, "तात्या, झाकण काढलंय ना? याच्यापेक्षा माझ्या होडीचा कंदील बरा." सगळे खिदळले. कुणालाच काही दिसेना.

मग धर्मेशनं डोळा लावला. "हाय की. कलंडलेली होडी. पुसट."

मी चमकलो. इतकी पुसट गोष्ट सरळ बघितली की नाहीशी होते. नजर जरा बाजूला ठेवली की उमटते. ही युक्ती मी अजून कुणाला सांगितलीच नव्हती.

"बाजूला बघायला कुणी शिकवलं तुला?"

"शिकवायचं काय त्यात? मी आता सगळं तसंच बघतो. सरळ बघितलं का मधे भोक पडतं. नलूचे कान दिसतात, तोंड नाय."

नलू हसली. मग थांबली. "कधीपासनं?"

"गणपतीपासनं."

माझं डोकं फिरलं. "गाढवा, त्या मिथेनॉलनं डोळे खाल्ले तुझे! बोलला का नाहीस?"

"माझं काम वजनाचा काटा वाचायचं हाय, तात्या. बोललो असतो तर गेटवरच कार्ड काढून घेतलं असतं. तुमी चळवळवाले, मोर्चा काढाल. चूल घोषणेवर पेटते काय?"

मी आवाज चढवला. नलूनं तोडलं, "उद्या डॉक्टर. बास."

डॉक्टर म्हणाले, डोळ्याची शीर सुकलीय, गेलेली नजर परत यायची नाही. धर्मेशनं विचारलं, "काटा तरी वाचता येईल?" डॉक्टरांनी नुसती नकाराची मान हलवली. धर्मेश नलूकडं वळला. "काय म्हणाले?"

ठेकेदाराकडं मीच गेलो. तो खुर्चीतून उठला पण नाही. "पीत असेल. नाहीतर डोळे असे जातात होय?" आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस! तक्रार केलीय, ती लढतोय. धर्मेशचं काम मात्र गेलं ते गेलंच.

आता तो माहीमला सासऱ्याकडं बोंबील वाळत घालतो, बोटांनी चाचपून. आणि नलू बोईसरला जाते, रंगाच्याच कारखान्यात, पुड्या भरायला. दुसरीकडं कुणी घेतलंच नाही. संध्याकाळी ती लाल हातांनी घरी येते. तो मान जराशी वळवून तिच्याकडं बघतो, मग तिचे दोन्ही हात ओढून घेतो आणि हुंगतो. साबणाचा वास आला, तरच जेवायला बसतो.