दाराचा गेम आणि पावण्याचा कप

लोक विचारतात, राजाभाऊ, तुमच्याकडं एवढे किस्से येतात कुठनं? आता काय सांगायचं! पन्नाशी उलटलेली चार माणसं दर रविवारी दुपारी जेवून-खाऊन टीव्हीसमोर बसतात आणि रिमोटवरून भांडतात म्हटल्यावर किस्से शोधायला कशाला जावं लागतंय? माळ्यावर जुनी भांडी साठतात तसे ते साठत जातात. एक काढायला जावं, तर चार अंगावर येतात.

आधी मंडळी सांगतो. मी उद्यमनगरात फौंड्रीवाल्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवतो. बायको सुनंदा एसटीत कंडक्टर होती. गगनबावड्याच्या गाडीवर तिची सगळी नोकरी गेली. तिसरा शिवा, त्याचा मंगळवार पेठेत, आमच्या घरामागंच गोठा आहे. संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी उभ्या करून तो धारोष्ण दूध विकतो. आणि चौथे अण्णा मगदूम, पेठ वडगावचे, मार्केट यार्डात गुळाचे अडते. वयानं सगळ्यांत मोठे, आवाजानंही.

आणि पाचवा तो लाल-पांढरा डबा. टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम, वरून कॅसेट खोचायची, दोन बाजूंना दोन रिमोट. माझा मामा बोटीवर होता, त्यानं जपानहून आणलेला. सोबत खोकंभर कॅसेटी, सगळ्यांवर जपानी अक्षरं. जगभरच्या पोरांनी खेळलेला एकही गेम त्यात नाही. मामाला विचारलं, तर म्हणाला, "दुकानदार म्हटला, ह्या कोपऱ्यातल्या कोण घेत न्हाय. म्हटलं, मग त्याच दे. गर्दीत शिरायला मी काय जत्रंत आलोय?"

कोपऱ्यातल्या त्या कॅसेटींनी आम्हाला म्हातारं होऊ दिलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

* * *

मंडळाचे नियम तीनच. ज्यानं एखाद्या गेमला बकवास म्हटलं, त्यानं महिनाभर तोच खेळायचा. चहा ज्याच्या-त्याच्या नावाच्या स्टीलच्या पेल्यात. नावं सुनंदानं भांडीवाल्याकडून कोरून आणलीत. आणि कुणी पावणा आला तर त्याला कपबशी, बसायला खुर्ची आणि पहिला डाव. पावण्याच्या आधी कुणी रिमोटला हात लावायचा नाही.

पहिल्या नियमात पहिला सापडला शिवा. एक गेम आहे, आम्ही त्याला बोटीचा म्हणतो. धुक्यात एक होडी. बास. शत्रू नाही, पळापळ नाही. सुनंदा बघून म्हणाली, "हे तर आषाढातलं गगनबावडं." शिवा म्हणाला, "बकवास हाय." झालं!

पहिल्या रविवारी त्यानं बटणं अशी दाबली की रिमोट मोडतोय वाटलं. होडी खडकावर. दुसऱ्या रविवारी तेच. पुढच्या वेळी कंटाळून त्यानं रिमोट मांडीवर टाकला आणि शेंगा सोलायला घेतल्या. होडी आपली आपण प्रवाहाला लागली. धुकं हळूहळू विरळ झालं आणि पलीकडं दिव्यांचं एक आख्खं गाव दिसलं.  कुणीतरी तिकडं जपानात बसून एवढं सुंदर गाव काढलं होतं, आणि ते फक्त दमलेल्या माणसाला दिसणार होतं.

त्याच आठवड्यात शिवाची एक म्हैस अडली. दूध देईना. घरचे औषधाचं बघायला लागले. शिवा बादली घेऊन तिच्याशेजारी नुसताच बसला. अर्ध्या तासानं तिनं पान्हा सोडला.

त्याच्या बायकोनं विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

शिवा म्हणाला, "होडीनं."

* * *

अण्णा जैन. घरी सूर्यास्ताआधी जेवण, कंदमुळं वर्ज्य. त्यांना आम्ही किड्यांचा गेम दिला, म्हणजे आमच्या डोक्याची कमाल. एक बारकं विमान, वरून किड्यांचे थवे येतात, गोळ्या घालत पुढं जायचं. मी आणि शिवानं तो कित्येकदा खेळून सोडून दिलेला. शेवटी एक राक्षसी भुंगा येतो आणि आपला चेंदामेंदा करतो.

अण्णांनी रिमोट घेतला आणि गोळीच्या बटणावरचा अंगठा काढून ठेवला.

"अण्णा, मारा की!" शिवा ओरडला.

"कशापायी? त्यांनी माझं काय घोडं मारलंय?"

आणि नुसतं विमान चुकवत राहिले. इकडून काढ, तिकडून काढ. आम्ही हसत होतो, ते किती वेळा आपटले त्याचा हिशेब नाही. पण एका रविवारी ते भुंग्यापर्यंत पोचले. भुंगा खाली आला, थांबला, आणि बाजूला झाला. मागचे सगळे किडे दोन्हीकडं रांगेत उभे राहिले. मधनं अण्णांचं विमान लग्नाच्या वरातीसारखं गेलं!

शिवानं पुढं बरेच दिवस तसंच खेळून बघितलं, पण त्याचा अंगठा काही ऐकत नाही.

* * *

सुनंदाला आधी आमचं हे सगळं रिकामटेकडेपण वाटायचं. एकदा ती लिफ्टच्या गेमला बकवास म्हणाली आणि सापडली.

त्यात आपण मोठ्या दुकानातले लिफ्टवाले. मजल्यामजल्यावर गिऱ्हाईकं उभी, कुणी पाय आपटतंय, कुणी छत्री नाचवतंय. सगळ्यांना वेळेत पोचवायचं. मी त्यात दुपारच्या आतच नोकरी घालवायचो. सुनंदा बसली आणि पहिल्याच दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत पोचली. लिफ्टवाल्याला मालकानं हार घातला. त्या गेममध्ये हार आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

"काय केलंस गं?" मी विचारलं.

"तुमी छत्रीवाल्याला पैलं घेताय. त्याला राहू दे. त्यो कोपऱ्यात गप उभा हाय, त्याला पैलं घ्यायचं."

"का?"

"एवढी वर्सं गाडीवर काय झोपा काढल्या व्हय मी? वरडणारा कुठं जात न्हाय, अवो. गप माणूस निघून जातोय."

* * *

दाराचा गेम मात्र आमच्यापैकी कुणाच्याच बापाला आवरला नाही. एक बारका गडी डोंगर, नदी, गुहा पार करत जातो आणि शेवटी एका दगडी दारासमोर येऊन उभा राहतो. दारावर कान कोरलेला, खाली जपानीत एक ओळ. बटणं दाबून झाली, उड्या मारून झाल्या, गडी मागं नेऊन परत आणून झाला. दार ढिम्म.

अण्णा त्या दारावर फार चिडायचे. सौद्याला उभे राहिले की यार्डाच्या फाटकापर्यंत ऐकू जायचा, असा त्यांचा आवाज. त्या आवाजात ते दाराच्या खानदानाचा उद्धार करायचे. एकदा तर शेजारचे धावत आले, भांडण लागलंय समजून. अण्णांनी त्यांनाही बसवून घेतलं आणि दार दाखवलं.

गेम एकट्याचा, म्हणून दुसरा रिमोट आम्ही फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचो. त्यावर बारीक बारीक भोकं आहेत. मशीनला हवा लागावी म्हणून असतील, असं आमचं ठरलं होतं. शिवा दर दिवाळीला ती ब्रशनं साफ करायचा.

* * *

आता जे सांगतोय, ते हसण्यावारी नाही.

अण्णांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, देवाची कृपा. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, पण वापराल तर. रोज बोला, हळूहळू बोला. गप बसलात तर जेवढा आहे तेवढाही जाईल.

आवाज आला, पण बारीक, फाटका. अण्णा पहिल्या दिवशी सौद्याला उभे राहिले आणि भाव पुकारला. मागच्या रांगेतनं कुणीतरी म्हणालं, "अण्णा, जरा मोठ्यानं." वाईट हेतूनं नव्हे. पण अण्णा ओट्यावरनं खाली उतरले आणि त्या दिवसापासून तोंड मिटलं. सौदे मुलगा पुकारायला लागला. घरी खुणा, बाहेर मोबाईलवर मेसेज. रविवारी येऊन बसायचे, मान हलवायचे. मग एक रविवार आले नाहीत. मग येईनातच.

मी फोन केला की मेसेज यायचा, "ठीक आहे."

सुनंदानं त्यांचा पेला घासूनपुसून फळीवर ठेवला. एवढंच म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं व्हय? गप माणूस."

मला ते फार लागलं. वडगावला जाऊन आलो, शिवाही जाऊन आला. अण्णांनी गूळ-शेंगा पुढं केल्या आणि हात जोडले.

* * *

त्याच दिवसांत एका फौंड्रीत जपानचं मशीन आलं आणि ते जोडायला एक इंजिनियर. रविवारी हॉटेलवर एकटा बसलेला, मी त्याला घरी जेवायला आणला. पांढरा रस्सा तीनदा घेतला, तांबडा एकदाच. मग नियमाप्रमाणं कपबशी, खुर्ची आणि खोकं समोर.

तो एकेक कॅसेट हातात घेऊन बघतच राहिला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, लहानपणी ह्या कॅसेटी दुकानात बघितल्या होत्या, आमच्याकडं कुणीच खेळलं नाही.

सुनंदा मला म्हणाली, "त्यास्नी सांगा, हितं खेळत्यात."

आम्ही त्याला दिव्यांचं गाव दाखवलं. मग अण्णांनी किड्यांना कसं रांगेत उभं केलं, ते शिवानं हातवारे करून सांगितलं. पावण्याचे डोळे भरून आले. मग दाराचा गेम लावला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

त्यानं वाचलं आणि हसला. म्हणाला, "इथं लिहिलंय, हाक मार."

मग त्यानं आमचा दुसरा रिमोट मागितला, फडकं सोडलं, तो डब्याला जोडला आणि भोकांवर बोट ठेवलं. तो माइक होता! आमचे अण्णा इतकी वर्षं दाराला हाका मारत होते, आणि दाराचा कान कपाटात गुंडाळलेला.

शिवानं रिमोट ओढून घेतला, छाती भरून श्वास घेतला, आणि सुनंदानं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"गप. ते दार अण्णांचं हाय."

पावण्याला काही कळलं नाही. पण त्यानं टीव्ही स्वतः उठून बंद केला.

* * *

अण्णांना मी मेसेज केला: दाराचं गुपित कळलं, या. दार म्हटल्यावर अण्णा आले. शाल गळ्याभोवती घट्ट.

त्यांना सगळं सांगितलं. ओळ काय, भोकं कशाची, कुणी उघडलं नाही ते का. शिवानं गडी दारासमोर नेऊन उभा केला आणि दुसरा रिमोट अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी तो तोंडापाशी नेला. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. परत एकदा नेला. मग मान हलवली आणि हात खाली आला.  मला वाटलं, आपण भलतंच करून बसलो. आता हा माणूस उठेल आणि परत कधी येणार नाही. त्यांनी उठायला गुडघ्यावर हात ठेवलाही.

तेवढ्यात सुनंदा चहा घेऊन आली. मला पेला दिला, शिवाला पेला दिला. आणि अण्णांसमोर ठेवली कपबशी.

अण्णा बघत राहिले. फळीवर त्यांचा पेला तसाच, नाव आमच्याकडं करून ठेवलेला. शिवाला तर काही समजत नाही. तो चटकन उठून खुर्ची पुढं सरकवत म्हणाला, "बसा की अण्णा, वर बसा. पावण्याचा मान पैला."

अण्णांचे कान लाल झाले. रिमोट धरलेली मूठ त्यांनी शिवाच्या नाकासमोर नेली, पुन्हा स्वतःकडं आणली, आणि बारीक, फाटक्या, पण आख्ख्या आवाजात म्हणाले,

"पावणा कुणाला म्हणतोस रं? माझा पेला कुठं हाय?"

आणि टीव्हीतनं दगड घासल्यासारखा आवाज आला.

शिवा हळूच म्हणाला, "अण्णा, दार उघडलं."

सुनंदानं कपबशी उचलली आणि पेला आणायला वळली. ती हसत होती की डोळे पुसत होती, ती पाठमोरी, त्यामुळं मला दिसलं नाही. मी तिला आजतागायत विचारलेलंही नाही.

अण्णांनी टीव्हीकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"मग आत चला की," ते म्हणाले. "का आता कुणा पावण्याची वाट बघताय?"