खिशातला रोटर

गाडी उभी केली की चाचा आधी बॉनेट उघडायचे. आतून अंगठ्याएवढा रोटर काढायचे, सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि खिसा दोनदा थोपटायचे. "गाडी हितं, जीव खिशात." रोटर नसला की ठिणगी पडत नाही, मग चोराला चावी मिळून तरी काय उपयोग! दूध घ्यायला थांबले तरी हा सोहळा व्हायचाच. आम्ही गल्लीतले लोक हसायचो. तुम्हीही हसला असता.

चाचा लातुरात एका डॉक्टरांचे ड्रायव्हर. डॉक्टर गाव सोडून गेले, तेव्हा आपली जुनी मोरपंखी फियाट त्यांना देऊन गेले. भूकंप झाला तेव्हा चाचांनी याच गाडीतून खेड्यांतले जखमी दवाखान्यात आणले. त्या दिवसांत मात्र रोटर एकदाही खिशात गेला नाही. पुढं एकदा मी कारण विचारलं.

"सर, तवा चोर बी ढिगाऱ्यात माणसंच हुडकत होते."

एवढं बोलून ते फडक्यानं गाडीची काच पुसू लागले.

मग क्लासेसचं पेव फुटलं. मीही त्यातलाच, फिजिक्स शिकवणारा. घरोघर खोल्या भाड्यानं गेल्या, अनोळखी चेहरे वाढले, गाड्या चोरीला जाऊ लागल्या. एका सकाळी फियाटही जागेवर नव्हती. चाचांचा चेहरा उतरला. गाडी सापडली गल्लीच्या टोकाला, चढापाशी. चोरांनी तिथवर ढकलत नेली होती. चाचांनी खिसा थोपटला. "घामाघूम झाले असतील बिचारे."

माझ्या मुलीची मेडिकलची प्रवेश परीक्षा नांदेडला होती आणि नेमका एसटीचा संप. "बेटीला मी नेतो," चाचा म्हणाले. सकाळी आम्ही गाडीत बसलो. चाचांनी बॉनेट उघडलं, खिशात हात घातला आणि तसेच उभे राहिले. कालचा सदरा धोब्याकडे गेला होता. मुलगी रडू लागली. "तुम्ही असताना चोर कशाला हवेत?" मी ताडकन बोललो. चाचा अनवाणीच धावले. धोब्यानं रोटर बटणांच्या डब्यात जपून ठेवला होता. वर म्हणाला, "चाचा, लई मोठं बटन हाय तुमचं!"

घंटा होता होता आम्ही केंद्रावर पोचलो. पेपर सुटेपर्यंत चाचा फाटकाशी उभे होते, रोटर मुठीत धरून. मला माझ्याच बोलण्याची लाज वाटत होती. मी माफी मागितली.

"न्हाई सर, बरोबर बोललात. जीव एकट्यापाशी ठेवू न्हाई."

त्या दिवसापासून रोटर आमच्या घरात, चाव्यांच्या खुंटीवर लटकू लागला. चाचा रोज सकाळी न्यायचे, गाडी उभी केली की आणून द्यायचे आणि चहा पिऊन जायचे. त्या चहाची मला सवय झाली होती.

चाचा जाऊन दोन वर्षं झाली. चाचींनी गाडी विकली नाही. अधूनमधून ती सुरू करून ठेवायचं काम माझ्याकडे आहे. परवा सुटीला आलेली माझी डॉक्टर मुलगी म्हणाली, "बाबा, आज मी." गाडी फिरवून आणली, बॉनेट उघडलं, रोटर काढून कुर्त्याच्या खिशात टाकला आणि खिसा दोनदा थोपटला. चाची दारातून बघत होत्या.

खुंटी रिकामीच होती. रोटर खिशात घेऊन ती संध्याकाळपर्यंत घरभर वावरत होती.