विहिरीतली काळी कांडी

आमच्या पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, गोटे होते. आमचे गुरुजी, म्हणजे माझा नवरा, सौंसरच्या एका शाळेत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी इंग्रजांच्या काळातल्या भोडळाच्या खड्ड्यांवर जाऊन बसायचे. भोडळ म्हणजे अभ्रक. त्याचे पापुद्रे आमच्या घरभर चमकत, कणकेत, पोरीच्या केसांत, माझ्या पदरावर. जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला गेलो, तर हा माणूस प्रसादाच्या पिशवीत दगड घालून परत आला. नारळ मला हातात धरावा लागला.

हे सगळं मी सोसलं, कारण गोटे खायला मागत नाहीत. पण ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात प्रकरण विहिरीपर्यंत आलं.

लोधीखेड्याच्या वाटेवर आमची लहानशी संत्र्याची बाग होती आणि तिथली जुनी विहीर आटली होती. दीर म्हणाले, नारळ घेऊन पाणी पाहणारा बोलावू. गुरुजी कसले ऐकतात. बांधाजवळ पांढऱ्या दगडाची एक शीर जमिनीतून वर आली होती, त्यात गारगोटी, गुलाबी दगड, मधेमधे भोडळ. हा दगड एकेकाळी वितळलेला होता, भेगेत शिरून सावकाश थिजला, म्हणून याचे खडे असे मोठाले. आणि अशा शिरेच्या कडेनंच पाणी चालतं, असं त्यांनी खणणाऱ्यांना चौथीच्या वर्गासारखं समोर बसवून समजावलं. तिथेच खणायचं ठरलं.

इकडे बागेला ताण दिलेला. आंबिया बहारासाठी आमच्याकडे थंडीत संत्र्याचं पाणी तोडतात. पानं मलूल झाली की पाणी सोडायचं, मग झाड फुलतं. ते पाणी वेळेवर मिळालं नाही तर फुलं राहिली बाजूला, झाडच हातचं जातं. तेव्हा नव्या विहिरीला पाणी लागणं भागच होतं, आणि तेही लवकर.

नेमकी तेव्हाच तळाशी पांढऱ्या दगडात एक काळी कांडी निघाली. मांडीएवढी जाड, अंगावर सरळ रेघा. हा टूर्मलीन नावाचा खडा आहे, म्हणून गुरुजी नाचायचेच बाकी राहिले. खडक फोडायला सुरुंगाचा बार भरायला उतरलेल्या माणसांना त्यांनी वर काढलं. नागपूरच्या कॉलेजातले एक सर येऊन पाहीपर्यंत कांडीला कोणी हात लावायचा नाही. सरांना निरोप गेला, पण सर काही येईनात. मी रोज बागेत जाऊन पानं हातात घेऊन पाहायचे. ती आधी वळली, मग गळायला लागली.

"झाडं तानावरच हायेत न," गुरुजी म्हणाले. "अजून चार रोज काही होत नाही."

"झाडाले तान देला तं फुलं येतात," मी म्हटलं. "मले देऊन काय येते, थे पाहून राहिले काय तुमी?"

शेवटी सर बसमधून उतरले. विहिरीत नुसते डोकावले, खाली गेलेसुद्धा नाहीत. असले काळे खडे या पट्ट्यात पायलीचे पन्नास आहेत, त्यात हा तडकलेला, म्हणाले. मग चहा घेतला आणि संत्री कधी निघतात ते विचारलं. इतके दिवस मी त्या कांडीला शिव्या घालत होते, पण तेव्हा मला त्या सरांचाच असा राग आला की आणखी चहा हवा का, हेही मी विचारलं नाही.

ते गेल्यावर गुरुजींनी माणसांना बार भरायला सांगितलं आणि स्वतः बागेत, विहिरीकडे पाठ करून बसले.

बार उडाला. धुरळा बसल्यावर पाहिलं तर शिरेच्या कडेनं पाणी येत होतं. मी धावत बागेत गेले. रागानं की आनंदानं कोण जाणे, मला रडू फुटलं होतं.

"पानी लागलं. तुमी म्हनत होते तिथंच."

त्यांनी मान वर केली. "तुकडे केवढाले झाले?"

मी कपाळावर हात मारून घेतला. बरं, जाऊन पाहायची त्यांची छातीही होईना. मग मीच पदर खोचला, दोर धरून खाली उतरले आणि गढूळ पाण्यात चाचपून काळे तुकडे टोपल्यात भरू लागले. थोड्या वेळानं काठावर त्यांचं डोकं दिसलं.

"बारकेबी टाकू नको."

"तुमी पहिले पानी उपसाचं इंजिन आना," मी खालून ओरडले. "झाडं वाट पाहून राहिली." आणि हातातला बारका तुकडा टोपल्यात ठेवला.