बाहेर बसून सुटलेली गणितं

मामांना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी दहावीला गणितात पास झाले ती त्यांच्यामुळेच.

कांजूरमार्गला आमच्या चाळींमागे ते मुलींना कबड्डी शिकवायचे. सगळ्या जगाचे मामा. कामावरून आले की आधी स्वतः बादलीने मैदानावर पाणी मारायचे, आमचे गुडघे सोलवटू नयेत म्हणून. जीभ मात्र तिखट. पकडीत आपटून कुणी मुसमुसायला लागली की म्हणायचे, "आधी एक चढाई करून ये. मग रड, मी पण बसतो सोबतीला." चढाईनंतर रडायचं कुणाच्या लक्षात राहणार?

मी गणितात नापास झाले तेव्हा बाबांनी फर्मान काढलं. शाळा बंद, खेळ बंद, पॅकिंगच्या गाळ्यात कामाला लाग. मामा त्याच संध्याकाळी घरी आले. चहा बाजूला ठेवून थेट मालवणीत सुरू झाले, "बाद झालेलो गडी भायर बसता. घराक जाता काय?"

बाबा तरुणपणी गावाला खेळलेले. आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की बाहेर बसलेला परत आत येतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मामांचा चहा परत त्यांच्यापुढे सरकवत ते म्हणाले, "जुलैची परीक्षा देवंदे. फुडे नाय."

मग मामांनी मला वही घेऊन रेषेबाहेर बसवलं आणि सरावाचा नियमच बदलला. बाद होईल तिने रेषेबाहेर माझ्याशेजारी बसायचं, मला एक गणित समजवायचं आणि मी ते सोडवलं की आत जायचं. माझं चुकलं की ती अडकली! पकडीतली आमची वाघीण मंगल एकदा एका समीकरणापायी अख्खा डाव बाहेर होती. "अगं चिन्ह बदल ना! तिकडे वाट लागलीय आपली!" ती ओरडत होती. मामा लांबूनच विचारायचे, "सुटलं काय गं?" माझं उत्तर बरोबर की चूक, हे ते मंगलच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. वर्गात माझ्यासाठी कधी कुणी थांबलं नव्हतं. इथे सगळा संघ खोळंबायचा.

आता मामा गावी असतात आणि मी एका शाळेत खेळ शिकवते. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

फेरपरीक्षेचा निकाल मी घरी सांगितला. त्याच संध्याकाळी, कधी तिकडे न फिरकणारे बाबा माझ्या धाकट्या बहिणीचा हात धरून मैदानावर आले. मामांना म्हणाले, "हिका पण घेवा."

मामा बादली उचलून मघाशीच भिजवलेल्या मैदानावर पुन्हा पाणी मारायला लागले.