मी ताट खाली ठेवलं

"बाई, तू उठ थिथून. थे खुर्ची मालकाची होय."

भाऊ हे माईकमध्ये बोलले नव्हते. पण माईक चालू होता. शाळेच्या पटांगणात बसलेल्या सगळ्या गावानं ऐकलं. पुढच्या सतरंजीवर कुणीतरी फिसकन हसलं. मी उठले. सवयीनं उठले. कुणी उठ म्हटलं की आधी उठायचं आणि मग कारण विचारायचं, अशीच आमची घडण.

भाऊ म्हणजे आमच्या पक्षाचे तालुक्याचे अध्यक्ष. मी त्याच पक्षाची ग्रामपंचायत सदस्य, महिला राखीव जागेवरची. विधानसभा तोंडावर आली होती आणि गावात पक्षप्रवेशाचा कार्यक्रम ठेवला होता. प्रवेश कोण करणार ते आम्हाला सांगितलं नव्हतं. मोठा माणूस येतोय, एवढाच निरोप. बाया गोळा कर, त्यांना फेटे बांध, रांगेत उभ्या कर, ओवाळणीचं ताट तयार ठेव. ही कामं नेहमी माझीच. फेटे भाड्याचे असतात. कार्यक्रम संपला की बायांच्या डोक्यावरून काढून पोत्यात भरायचे आणि पुढच्या गावाला पाठवायचे. त्या दिवशी मीही फेटा बांधला होता आणि पहिल्यांदाच मला व्यासपीठावर खुर्ची मिळाली होती. माझी लेक खाली बसून मोबाइलवर फोटो काढत होती.

मग गाड्या आल्या. पहिल्या गाडीतून मालक उतरले.

मालक म्हणजे गावच्या जुन्या मालगुजाराचा नातू. मालगुजारी केव्हाच बुडाली, पण गावानं मालक म्हणणं सोडलं नाही. मीही म्हणते. जिभेला वळण पडलं आहे. हा माणूस इतकी वर्षं समोरच्या पक्षात होता, आणि आम्ही आमच्या पक्षात होतो ते याच माणसाच्या विरोधात. त्याच्या गळ्यात आता आमच्या रंगाचा दुपट्टा पडणार होता. त्याच्यासाठी खुर्ची कमी पडली, म्हणून मला उठवलं.

हे नीट समजायचं तर आमचा तलाव समजून घ्यावा लागेल.

आमच्याकडं धान तलावावर जगतं. तलावाच्या पाळीला आतून तुडुम असतं. म्हणजे दगडी बांधकाम, त्याला एकाखाली एक भोकं आणि भोकांत लाकडी बुचं. बुच काढलं की पाणी पाटाला लागतं आणि पाटातून बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यांमध्ये, जातं. पावसाळाभर बुचाला हात लावायचा नाही, ही जुनी रीत. पोळा होऊन पाऊस ओसरला, धान निसवायला लागलं, लोंब बाहेर पडू लागली, की गाव मारुतीच्या देवळापुढं बसतं आणि पाणी कधी सोडायचं, आधी कुणाच्या बांधीला लावायचं ते ठरवतं. ते एक पाणी मिळालं तर दाणा भरतो. नाही मिळालं तर लोंब उभी दिसते आणि हातात घेतली तर पोचट.

मालकानं तलावाच्या पोटातच धान लावलं आहे. वरच्या अंगाला, जिथं पूर्वी आमची गुरं पाणी प्यायची. तलाव भरला तर त्याचं धान बुडतं. म्हणून भरल्या श्रावणात, सगळ्यांच्या बांध्या तुडुंब असताना, त्याची माणसं तुडुमाची बुचं काढतात. कुणालाच नको असलेलं पाणी नाल्यानं वैनगंगेला जातं. दसऱ्याला आमच्या धानाला घोटभर हवं असतं, तेव्हा तलावात चिखल असतो. आमची जमीन पाटाच्या शेवटाला आहे. तिथं पाण्याचा नुसता निरोप येतो.

भाऊंनीच मला या भांडणात उतरवलं होतं. आपली सत्ता येऊ दे, मालकाचं अतिक्रमण काढू, तुडुम गावाच्या ताब्यात देऊ, असं ते माझ्या अंगणात बसून, माझ्या हातचा चहा पिऊन बोलले होते. त्या शब्दावर मी दारोदार फिरले. मालकाच्या दारावरून घोषणा देत गेले. त्याच्या पुतण्यानं मला चारचौघांत काय काय म्हटलं ते मी इथं लिहिणार नाही. मी ते पक्षासाठी गिळलं. आपली सत्ता आली. भाऊंच्या दारी नवी गाडी आली. तुडुम तिथंच राहिलं.

आणि आता हा कार्यक्रम. त्या दिवशी माझ्या बांधीत धान निसवत होतं आणि तलाव कोरडा होता.

खुर्चीवरून उठवल्यावर भाऊंनी ताट माझ्या हातात दिलं. कुंकू, तांदूळ, सुपारी, पेटलेलं निरांजन. मालक अजून उभेच होते, हात जोडून, सगळ्यांकडे बघून हसत. माझ्याकडे बघूनही हसले. भाऊ म्हणाले, ओवाळ. आमच्याकडे बाई भावाला ओवाळते, लढाईवरून आलेल्याला ओवाळते, बैलाला ओवाळते. जो आपलं राखतो त्याला ओवाळते. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"मी नाई ओवाळत, भाऊ. यायनं आमच्या धानाचं पाणी नाल्यात सोडलं."

भाऊ लोकांकडे बघत हसतच राहिले आणि दात न उघडता बोलले, "तुले कोण विचारून राहिलं? राखीव सीट होती म्हणून तू इथं आहे. नाई तर रोवण्याले वाकली असती."

तेही माईकनं उचललं.

मी दरवर्षी रोवण्याला वाकते. गुडघाभर चिखलात, पाठीवर पाऊस घेत, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं लावते. भाऊंच्या घरी जो भात शिजतो तोही असाच कुण्या बाईनं वाकून लावलेला असतो. त्याची शिवी कशी होते? पण त्यांनी ती शिवी म्हणूनच दिली होती, आणि इतकी वर्षं ते आमच्याकडे बघून मनात हेच म्हणत होते, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पक्ष कुठलाही असो, खुर्ची मालकाची आणि ताट आमचं. मी ताट त्या खुर्चीवर ठेवलं. निरांजन तसंच जळत होतं. डोक्यावरचा फेटा काढला, त्याच्या बाजूला ठेवला आणि पायऱ्या उतरून लेकीचा हात धरून घरी आले.

मागून सरूबाईनं ओवाळलं. तिचा पोरगा मालकाच्या राईस मिलमध्ये कामाला आहे. तिला मी दोष देत नाही.

घरी आल्यावर सासूबाई बोलल्या. आपल्या घरानं कधी दुसरं बटन दाबलं नाही, सासऱ्यांनी मरताना दवाखान्यातूनही पक्षाची विचारपूस केली, आता मी घराचं नाव घालवलं. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, सासरे गेले तेव्हा पक्षाचं कोण आलं होतं? म्हातारी उठून चुलीकडं गेली. तिला बोलल्याचं मला वाईट वाटलं, पण प्रश्न मी परत घेतला नाही.

समोरच्या पक्षात जावं, असं गावातले काही म्हणाले. समोरच्या पक्षानंच मालकाला इतकी वर्षं पोसलं होतं. एका घरातून उठलेला पाहुणा दुसऱ्या घरी जेवायला बसला, एवढाच दोघांतला फरक. मी कुठं जाणार होते?

मग लाखांदूरकडची एक बाई आली. एका लहानशा पक्षाची. एसटीनं आली, खांद्याला कापडी पिशवी. त्या पक्षाचं चिन्ह काय, ते मला दोनदा विचारावं लागलं. तिनं आश्वासन दिलं नाही. तुडुम दाखवा म्हणाली. इतक्या वर्षांत कुण्या पुढाऱ्यानं तुडुम बघायला मागितलं नव्हतं. ती पाळीवरून खाली उतरली, लुगडं चिखलात भरलं, भोकात हात घालून बघितलं. मी तिला सरळच विचारलं, "तुमी निवडून आल्या तं याचं काय करान?"

"आमी नाई येत निवडून," ती म्हणाली. "पण मालकाचं अतिक्रमण मी त्याच्या दारापुढं उभी राहून बोलीन."

आणि ती बोलली. रिक्षावरच्या भोंग्यातून, मालकाच्या फाटकापुढं, दिवसाढवळ्या. किती बांध्या तलावात घातल्या, बुचं कोण काढतं, सगळं. दारं लावून घेतलेल्या घरांतूनही लोक ऐकत होते. जे आम्ही चुलीजवळ कुजबुजत होतो ते कुणीतरी मोठ्यानं म्हटलं.

शहरातली माणसं टीव्हीवर बसून चर्चा करतात की लोक लहान पक्षांकडे का जातात. जात, पैसा, राग, अज्ञान. इकडं येऊन विचारा ना. ते लोक धुतल्या तांदळाचे आहेत असं मी म्हणत नाही. उद्या मोठे झाले तर तेही कुणा मालकाला खुर्ची देतील, कुणी सांगावं. पण आज त्यांच्याकडे मालक नाही. आज त्यांना आमची गरज आहे आणि आमच्याशी बोलताना ते खाली बसतात. मला तेवढं पुरलं.

मत वाया जाईल, असं सगळे म्हणाले. नवराही म्हणाला. मी इतकी वर्षं दिलं ते मत कुठं गेलं होतं? नाल्यात. वैनगंगेत. माझ्या मतावर भाऊ मोठे झाले आणि मोठे होऊन त्यांनी मालकाला आणलं. त्याहून वाया कसं जातं मत?

पाटाच्या शेवटाकडच्या वस्तीतल्या आम्ही बायांनी त्या लहान चिन्हाचं बटन दाबलं. आजूबाजूच्या गावांतूनही तसंच झालं असावं, कारण भाऊंचा उमेदवार थोडक्यात पडला. लाखांदूरची बाईही पडली, ती म्हणाली होती तशीच. जिंकला तो समोरचा. आणि महिना उलटायच्या आत मालकाच्या गाडीवर जुन्या पक्षाचा झेंडा परत लागला. आमच्या पक्षाचा दुपट्टा त्यानं कुठं टाकला कोण जाणे.

यंदाच्या श्रावणात बुचं परत निघाली. माझं शेवटच्या बांधीचं धान या वर्षीही पोचट जाणार. सरूबाई मला म्हणाली, काय भेटलं तुले? काही नाही भेटलं.

भाऊ मात्र आले. अंगणात, त्याच जागी, चहा न मागता. "तुमच्यामुळं आमी पडलो," म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांना वाटलं मी नाकारीन, रडीन, माफी मागीन. मग आवाज उतरला. पंचायत समितीची जागा महिलेसाठी सुटेल, तू परत ये, तिकीट तुलाच, झालं गेलं विसरू.

मी त्यांना उभं राहूनच सांगितलं.

"मी निवडणुकीले उभी राहून राहिली, भाऊ. पण त्या बाईच्या पक्षाकडून. निवडून येईन का नाई, मले मालूम नाई. तुमाले पाडीन, थे मालूम आहे. तलावात पाणी राहत नाई तोवर दर खेपेले पाडीन. तुमालेही, मालकालेही."

त्यांनी चप्पल घातली. मी फाटकापर्यंत सोडायला गेले नाही.