दार लावल्यावर विझणारा दिवा

त्या आठवड्यात मी रोज आई भवानीकडं एकच मागत होतो, खोट माझ्या कामात निघू नये. हे लिहिताना मान खाली जाते, पण खरं तेच आहे.

धाराशिवात गाड्यांच्या वायरिंगचं माझं छोटं गॅरेज आहे. एका संस्थेच्या रुग्णवाहिकेवर गाडी कुठं आहे ते कळवणारं यंत्र मीच बसवलं होतं. छतावर अँटेना आणि तिथून खाली यंत्रापर्यंत वायर. महिनाभरानं गाडी मध्येच नकाशावरून नाहीशी होऊ लागली. त्यातच आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका वस्तीवर एका निवृत्त गुरुजींना अर्धांगाचा झटका आला. ही गाडी जवळच होती, पण संस्थेच्या कार्यालयात ती नकाशावर दिसेना. घाईत ड्रायव्हरला विचारायचं कुणाला सुचलं नाही, लांबची गाडी पाठवली गेली. गुरुजी वाचले, पण उशिरामुळं डावा हात कायमचा लुळा पडला. मी सगळ्यांना सांगत सुटलो की यंत्रच खराब आहे.

यंत्र बदललं तरी दोष तोच. ड्रायव्हर रशीदभाईंनी गाडी पुन्हा माझ्याकडं आणून लावली. सकाळपासून मी दारं उघडी टाकून मीटरनं तपासत होतो. वायर तुटलेली नव्हती. उपग्रह सापडला की लागणारा हिरवा दिवाही लागलेला होता. दुपारपर्यंत माझा धीर सुटला, आणि आई ऐकते यावरचा विश्वासही.

तेवढ्यात तुळजापूरला पायी निघालेली एक म्हातारी आराधीण गाडीजवळ थांबली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी.

"लेकरा, पाय लई भाजायलेत. आत टेकू का जरा?"

मी बसा म्हणालो आणि पुन्हा पुढं जाऊन बसलो. वाऱ्यानं धूळ आत येत होती, म्हणून आजींनी मागचं दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं हिरवा दिवा विझला. मी उतरून दार उघडलं, दिवा लागला. लावलं, विझला. दाराचं रबर काढून पाहिलं, तर खाली वायर चेचून चपटी झालेली. दार घट्ट बसलं की दाबली जायची, उघडलं की मोकळी व्हायची. काम लवकर उरकावं म्हणून मीच ती तिथून नेली होती.

आजींनी विचारलं, "घावलं का?"

"घावलं आजी. चूक माझीच हाय."

"मग नीट कर आता," एवढंच म्हणून, पाणी पिऊन त्या वाटेला लागल्या.

नवी वायर मी वेगळ्या बाजूनं ओढली. रशीदभाईंना आणि संस्थेला खरं सांगितलं. मग गुरुजींच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी ऐकता ऐकता उठून आत गेल्या. गुरुजी अडखळत म्हणाले, "दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ देऊ नका." त्यांनी माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारण्याचा हक्क मला नव्हता.

परतताना घरी न थांबता तसाच पुढं तुळजापूरला गेलो. गाभाऱ्यासमोर उभा राहिलो, तेव्हा मागायला काही सुचेना. मी लपवायला मागत होतो आणि आईनं उघड करून दाखवलं. त्यातच तिची माया होती, हे मला फार उशिरा कळलं. हात जोडून एवढंच म्हणालो, आई, तुला जे दाखवायचं असेल ते दाखव, मी बघेन.